धोकटीपासून खुर्चीपर्यंत : गल्लीतल्या केशकर्तनालयाची पार्श्वभूमी

गल्लीतल्या जुन्या केशकर्तनालयात कटिंग, दाढी, कलप आणि डोक्याची मालिश मिळते. यातली बहुतेक कामे दुकानांच्या कितीतरी आधीची. बारा बलुतेदारांतला न्हावी काखेत धोकटी मारून कुळांच्या दारी जायचा. धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा, नखे काढायची नराणी, वाटी आणि आरसा. संत सेना महाराजांच्या प्रसिद्ध अभंगात आरसा, चिमटा, डोईवर घोळायचे पाणी, बगला झाडणे, नखे काढणे असे सगळे ओळीने येते. अभंग भक्तीचा आहे, पण जुन्या काळी हजामतीत काय काय मोडत असे याचा मला तो सर्वांत नेमका दाखला वाटतो.

शिवाय जावळ, लग्नमुंजीतली हजामत, मर्तिकातले क्षौर, अंग रगडणे, रात्री दिवटी धरणे हीही कामे त्याच्याचकडे. मोबदला सुगीला खळ्यावर, धान्यात. भाव ठरवणे किंवा काम नाकारणे त्याच्या हाती नसे.

आणि गावच्या या वस्तऱ्यावर सगळ्या गावाचा हक्क नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे : साताऱ्यात न्हावी होते, पैसे द्यायची ऐपतही होती, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हते. घरातल्या मुलांचे केस थोरली बहीणच कापायची. या धंद्याचा इतिहास सांगताना हे गाळता येत नाही. खेड्यांत तर हा बहिष्कार दुकाने आल्यानंतरही लवकर सुटला नाही.

शहरात कामाचे पैसे रोख मिळू लागले आणि गिऱ्हाईक कारागिराकडे चालत येऊ लागले. एका घरावाचून किंवा एका गावावाचून अडणार नाही, ही मोकळीक न्हाव्याला इथे मिळाली. 1890 साली मुंबईत जे घडले त्यामागे मला ही मोकळीकही दिसते. गिरणी कामगारांचे नेते आणि सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांचे केशवपन यापुढे करायचे नाही असे त्यांनी ठरवले. केशवपन हेही त्यांच्या कमाईचेच काम होते. ते सोडून हे कारागीर त्या बायकांच्या बाजूने उभे राहिले. आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात या संपाला आजवर मिळाली त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

दुकानात खुर्ची आली, समोरासमोर आरसे आले, बाकावर वर्तमानपत्र आले. वस्तरा मात्र बराच काळ तोच राहिला : चामड्याच्या पट्ट्यावर परजायचा, एकाची दाढी झाली की धुऊन दुसऱ्याला लावायचा, कापले तर तुरटी फिरवायची. 1990च्या दशकात एड्सविषयी जागृती सुरू झाली तसे गिऱ्हाईक नव्या पात्याचा आग्रह धरू लागले. ब्लेड मधून मोडून अर्धे पाते बसवायचा वस्तरा तेव्हापासून घरोघरच्या ओळखीचा झाला.

मार्च 2020च्या टाळेबंदीत ही दुकाने बंद झाली. महाराष्ट्रात 28 जूनपासून ती उघडली, तीही आगाऊ वेळ घेऊन येणाऱ्यांसाठी, एकदाच वापरायच्या टॉवेलांच्या अटीवर. केस कापायला परवानगी होती, दाढीला नव्हती. दाढीच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या लहान दुकानदाराची ती कमाई त्या नियमाने अडून राहिली.