मत्स्यपेटी, घरगुती : सामग्री व नळजोडणी

मत्स्यपेटी म्हणजे शोभेचे मासे पाळण्याची काचेची टाकी आणि पाणी फिरवणारी व गाळणारी तिची जोडणी. बोलीत 'फिशटँक'.

तिच्या उगमाविषयी एकमत नाही. झान व्हिलप्रू-पॉवर यांनी १८३२ च्या सुमारास सिसिलीत काचेच्या पेट्यांत सागरी जीव अभ्यासले; ॲना थिन यांनी १८४६ च्या आसपास लंडनमध्ये प्रवाळ जगवले. मासे व पाणवनस्पती यांचा तोल साधणारी टाकी मात्र रॉबर्ट वॉरिंग्टन यांच्या १८५० च्या प्रयोगापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'तील (बारावे शतक) मत्स्यविनोद सोलापूरजवळच्या कल्याणीचा (आजचे बसवकल्याण) असला, तरी तो गळाने मासे धरण्याचा आहे. त्याचा संबंध येथे जोडू नये.

मोठ्या टाकीखाली सम्प, म्हणजे पाणी गाळण्याची दुसरी छोटी टाकी, ठेवतात. वरून ओसंडणारे पाणी पीव्हीसी नळीने त्यात उतरते, गाळले जाते आणि पंप ते परत वर चढवतो. खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. पंप थांबला की परतीची नळी सायफन बनून, म्हणजे पाणी उलट आपोआप खाली ओढून, टाकी उपसू लागते. ९० × ४५ सेंमी. टाकीत पातळी १ सेंमी. उतरली की सुमारे ४ लिटर पाणी खाली येते. नळीचे तोंड ५ सेंमी. बुडालेले असेल तर २० लिटर. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवी, नाहीतर पाणी फरशीवर. पातळीच्या किंचित खाली नळीला बारीक भोक पाडल्यास हवा शिरून सायफन तुटतो. पण शेवाळाने ते बुजते, अधूनमधून टाचणी फिरवावी लागते. पाणी उलट येऊ न देणारा एकमार्गी व्हॉल्व्हही कचऱ्याने अडकतो, म्हणून केवळ त्यावर भिस्त ठेवू नये. पंपापाशी युनियन (नळी सोडवता येणारा आट्यांचा जोड) बसवली नाही, तर सफाईच्या वेळी नळी कापण्याखेरीज गत्यंतर नसते.

माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये व मग कमी घातक नायट्रेटमध्ये बदलणारे उपकारक जंतू गाळणीत रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. नायट्राइटचे नायट्रेट नायट्रोबॅक्टर हे जंतू करतात, असे जुन्या ग्रंथांत आढळते; १९९८ मधील संशोधनानंतर गोड्या पाण्याच्या टाक्यांपुरते हे श्रेय नायट्रोस्पायरा या दुसऱ्या जंतूंकडे जाते.

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे पिंपे भरलेलीच असतात. उघड्या पिंपात दिवसभर राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडतो, ही सोय आयतीच. बोअरचे क्षारयुक्त पाणी गप्पी, मॉली यांना मानवते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा हीटर नव्हे, पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा लागतो. त्याने पाणी अधिकच आटते आणि ती घट बोअरच्याच पाण्याने भरत राहिल्यास टाकीत क्षार साचत जातात.