अंधबिंदू

अंधबिंदू : डोळ्याच्या पडद्यावरची (दृष्टिपटलावरची) आंधळी जागा. पडद्यावरचे सुमारे १० लाख मज्जातंतू जिथे एकत्र येऊन मेंदूकडे निघतात, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशींना जागाच उरत नाही. मोतीबिंदू आणि काचबिंदू हे रोग आहेत. अंधबिंदू मात्र धडधाकट डोळ्यातही असतो. फ्रेंच शास्त्रज्ञ एदम मारियोत याने १६६८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तोवर माणसे त्याच डोळ्यांनी जग पाहत होती आणि कुणाला काही कमी पडल्याचे जाणवले नव्हते.

पडताळा घरी घेता येतो. वहीच्या रेघी कागदावर डावीकडे फुली काढावी आणि तिच्या उजवीकडे ८ सेंमी. अंतरावर, रेघेवरच, ठिपका. डावा डोळा झाकून, फुलीवरची नजर न हलवता कागद मागेपुढे करावा. साधारण फूटभर अंतरावर ठिपका नाहीसा होतो. खरी गंमत पुढे आहे : त्या जागी भोक दिसत नाही, काळा डाग दिसत नाही, रेघ सलग गेलेली दिसते. ती डोळ्याने पाहिलेली नसते. आजूबाजूच्या रेघेवरून मेंदूने भरून काढलेली असते. ही जागा लहानही नाही. दृष्टिक्षेत्रातली तिची रुंदी सुमारे साडेपाच अंश भरते, म्हणजे पौर्णिमेचे दहा-अकरा चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढी. एका डोळ्याची उणीव दुसरा भागवतो म्हणून व्यवहार अडत नाही. काचबिंदूत कडेची नजर हळूहळू जाते तेव्हाही अशी भरणी चालू राहते आणि रोग्याला उशिरापर्यंत पत्ता लागत नाही. ऑक्टोपसच्या डोळ्यात हे तंतू पडद्याच्या मागून निघतात, त्यामुळे त्याला अंधबिंदू नाही.

डोळ्याला दिसूनही लक्षात न येणे ही निराळी गोष्ट. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गोरिलाचे चित्र घुसडले होते. गाठी शोधणाऱ्या २४ क्ष-किरणतज्ज्ञांपैकी २० जणांना तो दिसला नाही. नजरेचा माग काढणाऱ्या यंत्राने दाखवले की त्यांतल्या बहुतेकांची नजर थेट गोरिलावरून गेली होती. हा आळस नव्हे. गाठ शोधण्यात मुरलेल्या नजरेला गोरिला हवाच नव्हता.

समाजाच्या बाबतीत अंधबिंदू हा शब्द लाक्षणिक अर्थाने वापरतात, पण भरून काढण्याची खोड तिथेही तीच. करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर त्वचेतून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. काळ्या त्वचेच्या रुग्णांत तो घसरलेला ऑक्सिजन अधिक वेळा लपवतो, हे २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींतून पुढे आले. आकडा मात्र नीटनेटका उमटत होता, म्हणून शंका यायला कारण नव्हते.

आपल्याकडचे उदाहरण रोजच्या बोलण्यातले आहे. ‘वहिनी काय करतात?’ ‘काही नाही, घरीच असते.’ राष्ट्रीय नमुना पाहणीच्या तक्त्यात या ‘काही नाही’ला क्रमांकही आहे. फक्त घरकाम करणाऱ्याची नोंद ९२. त्यासोबत घरासाठी सरपण गोळा करणे, शिवणकाम असे काही करणाऱ्याची ९३. दोन्ही श्रमबळाबाहेर. म्हणजे पाहणीवाला दारात उभा असतो, चुलीपाशी बसलेली बाई त्याला दिसत असते, तिच्याबद्दलचा रकानाही कोरा राहत नाही. तरी ती काम करणाऱ्यांत मोजली जात नाही. कोरा रकाना निदान डोळ्यांत खुपला असता.

२०१९ मध्ये देशभर पहिली वेळ-वापर पाहणी झाली. तिने माणसांना व्यवसाय विचारण्याऐवजी पहाटे चारपासूनचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाने विचारला. बिनमोबदला घरकाम करणाऱ्यांपैकी बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषांची ९७, असे निघाले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ होते.