चांदी ‘डोप’ होत नाही: सिरॅमिक अतिवाहकातलं डोपिंग आणि धातूची भर

‘सिल्व्हर-डोप्ड वायबीसीओ’ हा शब्द शोधनिबंधांतही सर्रास दिसतो. मला तो खटकतो. वायबीसीओ म्हणजे इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं काळं सिरॅमिक. ते अतिवाहक आहे, म्हणजे पुरेसं थंड केलं की वीज विनारोध वाहून नेतं. त्यात चांदी घालतात हे खरं, पण बहुतेक वेळा ते डोपिंग नसतं.

गवंड्याकडे बघा. भिंतीतली एक वीट काढून तिथे वेगळ्या मातीची वीट बसवली, तर भिंतच बदलली. विटा तशाच ठेवून नुसत्या दर्जा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या फटी, भरल्या, तर तो निराळा उद्योग. डोपिंग म्हणजे वीट बदलणं: नवा अणू स्फटिकाच्या जाळीत शिरतो आणि आधीच्या अणूची जागा घेतो. धातूची भर म्हणजे दर्जा भरणं: धातू स्फटिकाच्या बाहेर, कणाकणांमधल्या फटींत बसतो.

या सिरॅमिक अतिवाहकांचा जन्मच डोपिंगमधून झाला. लँथॅनम-तांबं ऑक्साइड मुळात विद्युतरोधक. 1986 मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत बेडनॉर्ट्स आणि म्युलर यांनी बेरियम घातलेल्या अशा ऑक्साइडमध्ये 30 केल्विनच्या आसपास अतिवाहकता दाखवली. काही लँथॅनमच्या जागी बेरियम बसलं की तांबं-ऑक्सिजनच्या थरांतले इलेक्ट्रॉन कमी होतात आणि वहनाला वाट मिळते. पुढच्याच वर्षी 92 केल्विनलाच अतिवाहक होणारा वायबीसीओ आला, आणि थंड करायला 77 केल्विनला उकळणारा स्वस्त द्रव नायट्रोजन पुरेसा ठरला.

पण वीट कुठली बदलता यावर सगळं अवलंबून. वायबीसीओमध्ये तांब्याच्या शंभर अणूंपैकी दोन-तीन अणूंच्या जागी जस्त बसवलं, तरी संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली अतिवाहकता येते ते तापमान, 77 केल्विनच्या खाली घसरतं. गंमत म्हणजे जस्त चुंबकीय नाही. जुन्या धातूरूप अतिवाहकांना चुंबकीय अणूंचं वावडं असे. इथे थेट तांबं-ऑक्सिजनच्या थरात जाऊन बसणारं साधंभोळं जस्तच चुंबकीय निकेलपेक्षा जास्त नासधूस करतं.

आता चांदी. इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि तांब्याचा ऑक्साइड खलात घोटायचे, 900 ते 950 अंश सेल्सिअसला भाजायचे, पुन्हा घोटायचे, दाबून गोळी करायची. गोळी दाबण्याआधी चांदीची भुकटी किंवा सिल्व्हर ऑक्साइड मिसळतात. ऑक्साइड भट्टी तापत असतानाच फुटून शुद्ध चांदी मागे राहते. चांदीचा आयन तांब्याच्या आयनापेक्षा बराच मोठा, त्यामुळे तो त्या जागेत सहजी मावत नाही. चांदी वायबीसीओशी भांडतही नाही. तिचा वितळणबिंदू 961 अंश, म्हणजे भाजणीच्या तापमानाला ती मऊ पडते आणि फटी भरते.

यातून मिळतं काय? ठिसूळपणा कमी होतो, साध्या तापमानाचा विद्युतरोध उतरतो, तारा जोडायला चांगला संपर्क मिळतो. संक्रमण तापमान जवळपास तिथेच राहतं. चांदी वारेमाप घातली, तर मात्र ती अतिवाहकाचीच जागा खाते.

मग स्वस्त तांबं किंवा लोखंड का नको? भट्टीत ते स्वतःच ऑक्सिडाइज होतात, सिरॅमिकशी रासायनिक क्रिया करतात, लोखंडाचे अणू तर जाळीतही घुसतात. वायबीसीओला शेवटी संथपणे थंड करताना ऑक्सिजन शोषावा लागतो. तो कमी पडला तर पदार्थ अतिवाहक होतच नाही. तापलेल्या चांदीतून ऑक्सिजन आरपार जाऊ शकतो. बिस्मथवाल्या अतिवाहकाची भुकटी चांदीच्या नळीत भरून पट्ट्या ओढतात, त्यामागेही हेच कारण.

हातात अनोळखी गोळी आली, तर क्ष-किरण विवर्तन बघावं, म्हणजे स्फटिकावरून क्ष-किरण कुठल्या कोनांत जोरात परततात त्याचा आलेख; त्या कोनांना आलेखात शिखरं दिसतात. शिखरं किंचित सरकली असतील तर जाळीचं माप बदललं, म्हणजे डोपिंगचा संशय. जुनी शिखरं जागेवर आणि शेजारी चांदीची स्वतंत्र शिखरं उभी असतील, तर ती भर. टक्केवारी वाचतानाही फसगत होते: डोपिंगमध्ये ‘दोन टक्के’ बहुधा अणूंच्या जागांचे असतात, चांदीचे ‘दहा टक्के’ वजनाचे.

सोनं या सोप्या वाटणीत बसत नाही. तेही राजधातू, पण वायबीसीओमधल्या तांब्याच्या साखळीत थोडंसं शिरतं आणि संक्रमण तापमान किंचित वाढवतं.

दोन्ही गोष्टी एकाच तुकड्यात नांदतात त्याचं उदाहरण केंब्रिज विद्यापीठाचं. 2014 मध्ये तिथल्या गटाने 26 केल्विनला 17.6 टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र सिरॅमिक चकत्यांत कोंडून दाखवलं. त्यात इट्रियमच्या जागी गॅडोलिनियम होतं, ते जाळीच्या आत. आणि चांदी होती, ती जाळीबाहेर. एवढं करूनही कोंडलेल्या क्षेत्राच्या ताणाने चकत्या फुटू नयेत म्हणून त्यांना तापवलेल्या पोलादी कड्यात आवळून बसवावं लागलं, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तसं.