पंखायुक्त प्रारणकवच : पंख्याचा वीजपुरवठा

घरगुती हवामान केंद्रातील तापमान-आर्द्रतेच्या सेन्सरला ऊन लागू नये म्हणून त्याभोवती पांढरे प्रारणकवच असते. काही कवचांत छोटा पंखा बसवून सेन्सरवरून सतत हवा ओढतात. हा पंखा वीज खातो ती चिमूटभर. पण ती दिवसाच्या कोणत्या वेळी मिळते आणि कधी तुटते, यावर नोंदलेले तापमान किती खरे हे ठरते.

स्कॉटिश अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांची, तापमापक ठेवण्याची झडपांची लाकडी पेटी (१८६४) हे बिनपंख्याचे कवच; ते वाऱ्याच्या भरवशावर चालते. वारा पडलेल्या दुपारी कवच तापते, आतली हवा तापते आणि तापमान अंश-दोन अंशांनी चढे दिसते. मग एसएचटी३१ सारखा ०.२ अंशापर्यंत अचूक सेन्सर लावूनही फारसे काही हाती लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन हवामानशास्त्रज्ञ रिखार्ड आस्मान यांनी आपल्या आर्द्रतामापकात पंखा बसवला, तो घड्याळासारखी चावी देऊन फिरणारा. निरीक्षक समोर उभा राहून वाचन घेई, तेवढ्यापुरता तो पुरे. घरच्या केंद्राला मात्र चोवीस तास वाचन हवे असते.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सोलर पॅनेल थेट पंख्याला जोडणे. डेव्हिस कंपनीच्या व्हँटेज प्रो-२ या हवामान केंद्राचा केवळ दिवसा चालणारा प्रकार असाच आहे. ऊन जितके कडक तितका पंखा वेगात, आणि चूकही उन्हामुळेच होणारी, त्यामुळे जोडी चांगली जमते. तरी ती सकाळ-संध्याकाळी फसते. सूर्य क्षितिजाजवळ असताना तिरपे ऊन झडपांच्या फटींतून आत शिरते आणि नेमके तेव्हाच पॅनेल मलूल असते. निरभ्र, निवांत रात्री उलट घडते : कवच आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षा थंड होते आणि वाचन किंचित खाली येते. म्हणून त्याच केंद्राच्या चोवीस तास चालणाऱ्या प्रकारात पॅनेलच्या जोडीला रात्रीसाठी रिचार्जेबल सेल दिलेले असतात.

घरी जुळवाजुळव करणारे बहुधा संगणकातला ८० मिमी.चा, १२ व्होल्टचा पंखा वापरतात. तो ०.१ अँपिअर घेत असेल तर १.२ वॅट, म्हणजे दिवसाला सुमारे २९ वॅट-तास. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच रिकामी करायची म्हटले तर जेमतेम दीड दिवस निघतो. कोकणातल्या आषाढात, सूर्य चार-चार दिवस तोंड दाखवत नाही तिथे, हे गणित कोलमडते. पंखा ९ व्होल्टवर हळू फिरवला की खप कमी होतो. पण घराची वीज हाताशी असेल तर सोलरचा हट्ट कशाला?

अडाप्टर घरात ठेवून फक्त कमी दाबाची (व्होल्टेजची) वायर गच्चीवर न्यावी; २३० व्होल्ट पावसात नेऊ नयेत. वायर बारीक असली की दाब वाटेतच गळतो. २० मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर तांबे. अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या तारेत त्याचा रोध साडेतीन ओहमच्या आसपास भरतो. मोबाइल चार्जरवरचा ५ व्होल्टचा, ०.२ अँपिअरचा पंखा त्यात ०.७ व्होल्ट गमावतो. १२ व्होल्टच्या, ०.१ अँपिअरच्या पंख्याचे जेमतेम ०.३५ जातात. सेन्सरच्या पुरवठ्यातूनच पंखा चालवणे टाळावे, कारण मोटरचा विद्युत गोंगाट वाचनात शिरतो.

पंखा सेन्सरच्या पुढे, हवा बाहेर पडते त्या तोंडाशी असावा; आधी बसवला तर मोटरची ऊब सेन्सरवरच फुंकली जाते.

खरी गोची वीज गेल्यावर होते. सेन्सर स्वतःच्या बॅटरीवर नोंदी करतच राहतो आणि बंद पंख्यातले चढे तापमान बिनबोभाट खरे म्हणून जमा होते. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस इथे बरा पडतो. अमेरिकेच्या हवामान संदर्भ जाळ्यातील केंद्रांवर तीन प्लॅटिनम तापमापक पंख्याच्या कवचात असतात आणि पंख्यांची गतीही नोंदली जाते. घरच्या तीन वायरींच्या पंख्यात लाल-काळीशिवाय बहुधा पिवळी असते ती त्याचसाठी. एका फेऱ्यात तिच्यावर दोन विद्युत स्पंद मिळतात, म्हणजे मिनिटाला २४०० फेऱ्यांना सेकंदाला ८०. आकडा महिनोन्‌महिने उतरत गेला तर बेअरिंग झिजत आहे असे समजावे. जाळी मात्र हातानेच पुसावी लागते. तोंडाशी कोळ्याने घर केले तरी पंखा फिरत राहतो, आकडा ठीक दिसतो आणि हवा पुढे सरकत नाही.