इच्छा नाही, की शरीर साथ देत नाही?

‘त्याला आता माझ्यात रसच उरला नाही.’ जोडीदाराला लिंगाच्या ताठरतेचा त्रास असल्याचं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यावरही अनेकींच्या मनात हेच घर करून बसतं. ताठरता न येणं किंवा न टिकणं ही एक गोष्ट, आणि कामेच्छाच मंदावणं ही वेगळी. पहिलीत मन तयार असतं, शरीर अडतं. दुसरीत शरीराची यंत्रणा धड असू शकते, पण मन तिकडे वळतच नाही.

घोळ होतो, कारण पहिली दुसरीचं सोंग घेते. दोन-तीनदा फजिती झाली की पुरुष तो प्रसंगच टाळायला लागतो. रात्री उशिरापर्यंत मोबाइल, नाहीतर आज फार दमलोय. बाहेरून ही अनिच्छा दिसते, आत असते धास्ती. दिवसा, जेव्हा पुढे काही घडायचं नसतं, तेव्हा तो जवळ येतो का, हे पाहा. पहाटे ताठरता येत असेल तर रक्तवाहिन्या आणि नसा बऱ्यापैकी काम करताहेत, असा अंदाज बांधता येतो. अंदाजच, निदान नव्हे.

ताठरता हा मुख्यतः रक्तपुरवठ्याचा मामला. लिंगातल्या धमन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३ ते ४. चरबीचा थर साचू लागला की बारीक धमनी आधी कुरकुरते, हृदयाची तक्रार काही वर्षांनी येऊ शकते. म्हणून रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायलाच हवं. इथे लाजेपायी दिवस ढकलणं महागात पडतं.

कामेच्छा कमी होण्यामागे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची घट, नैराश्य, नैराश्यावरचीच काही औषधं, अपुरी झोप किंवा तुमच्या दोघांतला जुना अबोला, यांपैकी काहीही असू शकतं. टेस्टोस्टेरॉन सकाळी तपासतात. कमी आलं तर आणखी एखाद्या दिवशी सकाळी पुन्हा. चालू औषधं मात्र परस्पर बंद करू नयेत.

ताठरतेसाठीच्या गोळीबाबतही हाच घोळ होतो. १९९८ साली बाजारात आलेलं सिल्डेनाफिल (व्हायग्रा) रक्तप्रवाह वाढवतं, इच्छा जागवत नाही. इच्छाच नसलेल्याला ते दिलं तर फारसं काही होत नाही, आणि ‘गोळीनेसुद्धा नाही’ म्हणून दोघंही खचतात. छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्याने ते अजिबात घेऊ नये. रक्तदाब जीवघेणा खाली जाऊ शकतो.

आधारही मग एकाच साच्यातला चालत नाही. ताठरतेच्या त्रासात परीक्षेचा ताण काढून घ्यावा लागतो. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी १९७० साली मांडलेली पद्धत आजही वापरतात: काही दिवस संभोग ठरवून बंद, फक्त स्पर्श. ‘असू दे, मला काही फरक पडत नाही’ हे वाक्य मात्र टाळाच. त्याला ते ‘तू नसलास तरी चालेल’ असं ऐकू येतं. इच्छा मंदावली असेल तर स्पर्शसुद्धा मागणी वाटू शकतो, तेव्हा विचारून जवळ जावं. आणि तुम्हाला वाईट वाटतंय हे गिळू नका. अंथरुणात नको, दिवसा सांगा.

दोन्ही त्रास एकत्रही असतात. डॉक्टरांनी ‘इच्छा होते का?’ विचारलं की बरेच पुरुष ताठरतेचंच उत्तर देऊन मोकळे होतात. त्याची हरकत नसेल तर तपासणीच्या वेळी शेजारी बसा.