येल रशियन कोरस

अमेरिकेतील कनेटिकट राज्यात न्यू हेवन येथे असलेल्या येल विद्यापीठातील पुरुष गायकवृंद. स्थापना १९५३. वाद्यांच्या साथीशिवाय तो रशियन व इतर स्लाव्ह लोकगीते आणि ऑर्थोडॉक्स चर्चची उपासनागीते गातो. जॉर्जियन गीतेही त्याच्या संग्रहात आहेत. जॉर्जियन भाषा मात्र स्लाव्ह कुळातील नाही. संस्थापक डेनिस मित्सकेविच हे त्या वेळी येलच्या संगीतशाळेत शिकत होते. जानेवारी १९५८ मध्ये अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यात सांस्कृतिक देवाणघेवाणीचा करार झाला. त्याच उन्हाळ्यात वृंदाने सोव्हिएत संघाचा दौरा केला आणि तेथे रस्त्यांवर गाऊन जमलेल्या लोकांशी संवाद साधला.

गाताना बहुतेक अडचण उच्चारांची. उपासनागीते चर्च स्लाव्होनिक या चर्चच्या जुन्या उपासनाभाषेत असतात आणि तीत आघातहीन ‘ओ’ पूर्ण उच्चारतात : ‘गोस्पोदी पोमीलुइ’ (प्रभो, दया कर). बोलीभाषेतील रशियनच्या सवयीने ‘गोस्पदी पमीलुइ’ म्हटले, की चूक लगेच कानाला खटकते. आघातयुक्त ‘ये’चा ‘यो’ही होत नाही; ‘त्वोये’ हे ‘त्वयो’ होता कामा नये. लोकगीतात नेमके उलट. एकाच कार्यक्रमात दोन्ही प्रकार असले, की गायकाला मध्येच जीभ बदलावी लागते.

स्त्री-पुरुषांच्या मिश्रवृंदासाठीची रचना पुरुषांच्या चार आवाजांत बसवताना वरचे स्वर सप्तकभर खाली येतात आणि खालच्या पट्टीत कमी अंतरावरचे स्वर घुमून एकमेकांत मिसळतात. त्यावर उपाय म्हणजे रचना एक-दोन स्वर चढवणे किंवा दोन्ही बासना (सर्वांत खालचे पुरुष-आवाज) सप्तक वा पंचमाच्या अंतरावर ठेवून गंधार वरच्या आवाजांकडे देणे. ‘ऑक्ताविस्त’ हा बासच्याही सप्तकभर खाली गाणारा दुर्मीळ गायक. या परंपरेतील बासची खोली रशियन संगीतकार रख्मानिनोव्ह यांच्या १९१५ मध्ये प्रथम सादर झालेल्या ‘अखिल रात्रीच्या जागर-उपासने’त दिसते. तिच्या पाचव्या गीताचा शेवट पियानोच्या मधल्या ‘सी’पासून दोन सप्तके आणि आणखी एक पूर्ण स्वर इतका खाली उतरतो. विद्यार्थ्यांचे आवाज सहसा तिथवर पोचत नाहीत. घसा आवळून काढलेला स्वर दूरच्या रांगेत ऐकूही जात नाही.

लोकगीतांतील बहुस्वरता (एकाच वेळी वेगवेगळे सूर गाणे) मूळची ग्रामीण, की सतराव्या शतकात युक्रेन-पोलंडमार्गे आलेल्या चर्चच्या अनेकस्वरी गायनाचा प्रभाव, याविषयी मतभेद आहेत. रशियन लोकगीतांचे संग्राहक मेल्गुनोव्ह यांनी १८७९ मध्ये गायकांचे आवाज वेगवेगळे ऐकून लिहिले, तेव्हा अनेक संगीतज्ञांना ते पटले नाही. एव्हगेनिया लिन्योवा यांनी फोनोग्राफवर मुद्रित केलेली व १९०४ आणि १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेली गीते पाहता बहुस्वरता ग्रामीण असल्याचा पक्ष अधिक सबळ वाटतो. या पद्धतीत ‘झापेवाला’ एकटा ओळ उचलतो आणि उरलेले मुख्य सुरापासून फुटणाऱ्या ‘पद्गोलोस्की’ म्हणजे उपस्वरांनी ती भरतात. प्रत्येक कडव्यात उपस्वर थोडे बदलतात. छापील प्रतीत त्यांपैकी एकच रूप उरते.

साथ नसल्याने लांब गीतात सूर उतरतो : एकच स्वर पुन्हापुन्हा लागताना तो सैल पडतो आणि सर्वांनी एकदम श्वास घेतला की पुढची ओळ खालून सुरू होते. म्हणून शेजारचे दोघे कधीच एकाच वेळी श्वास घेत नाहीत.

येलमध्ये स्त्रियांचा स्लाव्हिक कोरस १९६९ पासून वेगळा आहे.