दादरचा एक नंबर कुठला?

9 डिसेंबर 2023 च्या आधी दादरला कुणी "एक नंबरवर थांब" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला : "वेस्टर्नच्या की सेंट्रलच्या?" दोन्ही रेल्वेंचा आपापला एक नंबर होता. नवखा माणूस बॅग घेऊन पूल दोनदा चढायचा. त्या दिवसापासून पश्चिमेचे फलाट 1 ते 7 तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे 8 ते 14 झाले. रूळ जागचे हलले नाहीत, फक्त पाट्या बदलल्या. पण आता आकडा सांगितला की एकच फलाट सापडतो.

मुंबईतल्या ऑफिसांत 'एमआयएस', म्हणजे साहेबांसाठीचे आकडेवारीचे अहवाल, बनवणारी मंडळी दिवसभर याच प्रश्नाशी झुंजत असतात. समजा, एका औषध वितरकाकडे दोन तक्ते आहेत. पहिल्यात रोजची विक्री : तारीख, दुकानाचा कोड, रक्कम. दुसरा 'मास्टर' : दुकानाचा कोड, नाव, महापालिकेचा वॉर्ड. साहेबांना हवी आहे वॉर्डनिहाय विक्री. विक्रीच्या तक्त्यात वॉर्ड नाही, मास्टरमध्ये रक्कम नाही. कोड मात्र दोन्हीकडे आहे, त्याच्या आधाराने इकडची माहिती तिकडे आणायची. ऑफिसच्या भाषेत, एक्सेलमधल्या त्या सूत्राच्या नावाने, व्हीलुकअप मारायचा.

वॉर्ड विक्रीच्या प्रत्येक ओळीतच का लिहून ठेवत नाहीत? कारण दुकान हललं किंवा स्टेशनाचं नाव बदललं, की हजारो ओळी दुरुस्त कराव्या लागतात, आणि त्यातल्या काही हमखास राहून जातात. 2018 साली एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. ज्यांच्याकडे ते नाव एकाच तक्त्यात होतं, त्यांचं काम एका ओळीत झालं असणार.

एक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि बाकी ठिकाणी तिचा कोड ठेवायचा, या शिस्तीला गणिताचा पाया दिला एडगर कॉड यांनी, आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत, 1970 साली. तोवर माहिती हवी तर ती कुठल्या वाटेने गाठायची, हे प्रोग्रामला ठाऊक असावं लागे. वाट बदलली की प्रोग्राम अडला. कॉड म्हणाले, वाट सांगू नका. दोन तक्त्यांत सारखं मूल्य असणं हेच नातं. व्हीलुकअपमध्ये जुन्या वाटेचा अंश अजून शिल्लक आहे : 'तिसऱ्या कॉलममधलं आण' असं त्याला मोजून सांगावं लागतं. कुणी मधे एक कॉलम घुसवला, की तिसरा कॉलम भलताच होतो.

व्हीलुकअपची याहून मोठी खोड मला माझ्या पहिल्या नोकरीत कळली. सूत्रातली चौथी जागा मी रिकामी सोडली होती. ती रिकामी असली, की एक्सेल 'अगदी तेच' शोधत नाही, 'जवळपासचं' शोधतं आणि यादी चढत्या क्रमाने लावली आहे असं धरून चालतं. शब्दकोशात आपण मधलं पान उघडून, नको तो अर्धा भाग सोडून देतो, तसं. पद्धत झकास आहे, 1 लाख ओळींत साधारण 17 तुलनांत काम होतं. पण आमची मास्टर यादी दुकानं जशी जोडली गेली त्या क्रमाने होती. मग ज्या अर्ध्यात उत्तर असतं, नेमका तोच अर्धा फेकला जातो. प्रभादेवीची काही दुकानं 'जी साउथ' वॉर्डाऐवजी माटुंग्याच्या 'एफ नॉर्थ'मध्ये जाऊन बसली. एकूण बेरीज पैशापर्यंत जुळत होती, त्यामुळे दोन महिने कुणाला पत्ता लागला नाही. 'एन-ए', म्हणजे एक्सेलचा 'सापडलं नाही' हा शेरा, दिसला की आपण वैतागतो, पण तो निदान प्रामाणिक असतो.

पॉवर बीआयसारख्या, तक्ते जोडून अहवाल बनवायच्या साधनांत नातं आधीच जोडून ठेवता येतं : मास्टरमधला कोड एकदाच, विक्रीत कितीही वेळा. मग 'रिलेटेड' हे सूत्र विक्रीच्या एका ओळीवर उभं राहतं आणि पलीकडून वॉर्ड घेऊन येतं. कॉलम मोजणं नाही, चौथी जागा नाही. मात्र त्याची एक दिशा असते, आणि नवशिके इथेच अडखळतात. मुलाला आईचं नाव विचारलं तर एकच उत्तर मिळतं. आईला "मुलाचं नाव काय?" विचारलं, तर ती म्हणेल, "कुठल्या? थोरल्याच्या की धाकटीच्या?" विक्रीकडून दुकानाकडे गेलं की एक ओळ मिळते. दुकानाकडून विक्रीकडे गेलं की शेकडो ओळींचा गठ्ठा हाती येतो. त्यातलं मूल्य 'आणता' येत नाही, त्याची बेरीज, सरासरी, काहीतरी करावं लागतं. त्यासाठी 'रिलेटेडटेबल' वेगळं आहे.

नातं जोडलेलं नसेल, तर 'लुकअपव्हॅल्यू'. मला हे सूत्र त्याच्या स्वभावामुळे आवडतं. एका कोडाला दोन वेगळी उत्तरं सापडली, तर व्हीलुकअप पहिलं उचलून गप्प बसतो. लुकअपव्हॅल्यू, तुम्ही पर्यायी उत्तर दिलेलं नसेल तर, सरळ चूक दाखवून थांबतं. शिवाय त्याला एकापेक्षा जास्त अटी देता येतात. जुन्या दादरला "फलाट 1" आणि "वेस्टर्न" असं दोन्ही सांगितलं, तर माणूस बरोबर पोचायचाच.

पिनकोडवर तक्ते जोडणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. एका तक्त्यात 400028 हा आकडा असतो, दुसऱ्यात तोच मजकूर म्हणून साठवलेला. डोळ्यांना दोन्ही सारखे, एक्सेलला वेगळे. कोडाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा असाच छळ करते.

आणि कोड मास्टरमध्ये नसेलच तर? पॉवर बीआय ती विक्री टाकून देत नाही. मास्टरच्या बाजूला स्वतःहून एक रिकामी ओळ धरतं आणि बेवारस रकमा तिच्यात जमा करतं. अहवालात जी नॉर्थ, जी साउथ, एफ नॉर्थ अशा रांगेत मग एक बिननावाचा वॉर्ड दिसतो. साहेब विचारतात, "हा कुठला वॉर्ड रे?" तेव्हा फोन जातो फिरत्या सेल्समनला, आणि तो सांगतो की वरळीला गेल्या सोमवारी एक नवं दुकान सुरू झालंय, मास्टरमध्ये टाकायचं राहिलं.